पूर सोसणारे गाव : इच्छापोरच्या सार्वजनिक जागांची आखणी

तापी मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईपाशी उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे. त्यातले ५१ हजारांहून अधिक महाराष्ट्रात पसरले आहे आणि गुजरातच्या वाट्याला चार हजारही येत नाही. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या आपले पाणी तिच्यात ओततात. भुसावळ तालुक्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले, की जळगावच्या नदीकाठी इशारे दिले जातात. तेच पाणी प्रकाशा ओलांडून उकाईच्या जलाशयात पोहोचते आणि तिथून किती सोडायचे हा प्रश्न सुरतेचा होतो. विदर्भ-खान्देशातल्या पावसाचा शेवट नदीमुखाजवळच्या ज्या सपाट, चिकणमातीच्या पट्ट्यात होतो, त्या पट्ट्यात इच्छापोर वसले आहे.

गाव तापीच्या उजव्या अंगाला, सुरत-हजिरा रस्त्यावर आहे. धुळे, जळगाव, अमरावती, नागपूर जोडत जाणारा राष्ट्रीय महामार्ग पश्चिमेला याच टापूतून हजिऱ्यापर्यंत जातो. पलीकडे कवास, मोरा, दामका, सुवाली ही गावे आणि त्यांच्याभोवती क्रिभको, रिलायन्स, ओएनजीसी, लार्सन अँड टुब्रो यांचे प्रकल्प, शिवाय पूर्वी एस्सारचा असलेला पोलाद कारखाना. इच्छापोरलाही औद्योगिक वसाहत आणि हिरे-दागिन्यांच्या उद्योगासाठी स्वतंत्र पार्क आहे. जनगणनेने या गावाला ‘जनगणना नगर’ म्हटले. म्हणजे लोकांचे जगणे शहरी झाले, पण कारभार तेव्हा ग्रामपंचायतीच्याच चौकटीत होता. अशा गावात घरे आणि गोदामे आधी उभी राहतात. गटार, मैदान आणि नकाशा मागाहून येतात. पूर सोसण्याची ताकद याच मधल्या काळात हातची जाते.

पूर अडवणे हे धरणाचे आणि तटबंधाचे काम आहे. या प्रस्तावनेचा विषय त्याच्यापुढचा आहे. धरण आणि तटबंध असूनही पाणी येणारच, हे धरून गावाची मैदाने, तळी, रस्ते, शाळा, बाजार आणि मोकळ्या जागा कशा आखाव्यात, की पाणी आले तरी माणूस मरू नये, रोजगार महिनोन्महिने बुडू नये आणि एकाने वाचवलेले पाणी शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये.

इच्छापोरला पाणी एका वाटेने येत नाही. नदीचा पूर येतो, समुद्राची भरती येते, गावावरच पाऊस कोसळतो, आणि कधी वादळाने फुगलेला समुद्र येतो. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असल्याने उपायही वेगळे लागतात. आखणीतल्या बहुतेक चुका या चौघांना एकच ‘पूर’ समजण्यातून होतात.

नदीच्या पुराची ओळख सुरतेला जुनी आहे; सुरती बोलीत त्याला ‘रेल’ म्हणतात. ऑगस्ट १९६८ मध्ये तापीला सुमारे १५ लाख क्युसेकचा पूर आला आणि शहरातल्या होप पुलापाशी पाणी १२ मीटरच्या आसपास चढले. १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले. सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटर वर असलेल्या या मोठ्या जलाशयामुळे रेल संपली, असा विश्वास बसला. १९९४ आणि १९९८ च्या पुरांनी त्याला तडे गेले आणि ऑगस्ट २००६ ने तो पुसून टाकला. त्या वेळी धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकचा विसर्ग झाला. १९६८ च्या मानाने पाणी बरेच कमी होते, तरी होप पुलापाशी पातळी जवळपास तेवढीच, किंबहुना किंचित अधिक भरली. शहराचा बहुतांश भाग बुडाला, रांदेर-अडाजण या उजव्या तीरावरच्या वस्त्यांत लोक कित्येक दिवस गच्चीवर अडकले आणि हजिऱ्याचे कारखाने बंद पडले.

कमी पाण्याने तेवढीच उंची का गाठली, हा इच्छापोरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. १९६८ चे पाणी नदीकाठच्या मोकळ्या शेतांत आणि खाजणांत पसरू शकले होते. पुढच्या चार दशकांत तटबंध झाले, पात्रात गाळ साठला, काठ भरावाने उंचावले आणि मुखाकडच्या ज्या दलदलीत पाणी फाकत असे तिथे वसाहती, रस्ते आणि कोळंबीची तळी आली. खाड्यांच्या तोंडाशी बांध घालून केलेल्या या तळ्यांबद्दल चोऱ्यासी आणि ओलपाड तालुक्यांतल्या गावांची तक्रार जुनीच आहे. धरणात पाणी किती ठेवावे, यावरून २००६ नंतर बराच वाद झाला आणि तो योग्यच होता. पण पात्राची आणि पूरमैदानाची वहनक्षमता घटल्याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. दरवाजे कसे चालवायचे ते एका हंगामात बदलता येते. भरावाने गिळलेली जमीन तशी परत मिळत नाही.

त्या पुरात समुद्रही आडवा आला. ९ ऑगस्ट २००६ रोजी श्रावणी पौर्णिमा होती. सुरतेच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच-सहा मीटरपर्यंत जातो. भरती चढत असताना नदीचे तोंड जणू बंद होते आणि वरून येणारे पाणी मागे फुगते. जागतिक सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढल्याचे हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालात नोंदले आहे. इतक्या सपाट जमिनीवर थोडीशी वाढही पाण्याचा निचरा काही मिनिटे, पुढे काही तास लांबवते. अरबी समुद्रातून गुजरातकडे येणारी वादळे बहुधा सौराष्ट्राकडे वळतात. मे २०२१ चे तौक्ते उन्याजवळ धडकले. त्यांचा धोका क्वचित येणारा असला, तरी किनाऱ्यावरच्या उंचीच्या हिशोबात त्यांना धरावे लागते.

तिसरे पाणी पावसाचे. सुरतेत त्याला ‘खाडीपूर’ म्हणतात. तापी शांत असतानाही मिठी, कोयली, भेदवाड, कांकरा या खाड्या तुंबून लिंबायत, पर्वत पाटिया, उधना या भागांत घराघरांत पाणी शिरते. जुलै २०२४ आणि जून २०२५ मध्ये असेच झाले. लिंबायत, उधना आणि डिंडोलीच्या वस्त्यांत खान्देशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे या खाड्यांची नावे धुळे-नंदुरबारच्या गावांतही माहीत आहेत. इच्छापोरच्या बाजूला खाड्या निराळ्या, पण व्यवहार तोच. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.

ही वाट चालते कशी, हे जवळून पाहिले तर आखणीचे निम्मे कोडे सुटते. नाला खाडीला मिळतो तिथे बांधात एक तोंड ठेवतात आणि त्यावर वरच्या कडेने टांगलेली झडप बसवतात. कोकणातल्या खारभूमीत हिला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. भरती आली की बाहेरचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. यंत्र नको, वीज नको. मात्र झडप बंद असेपर्यंतचे चार-पाच तास गावावर पडणारा पाऊस आतच राहतो. तो कुठे राहणार, हे आधी ठरवले नाही तर तो सर्वांत खालच्या घरात राहतो. झडपेत प्लास्टिकची पिशवी किंवा ओंडका अडकला की ती पुरती मिटत नाही आणि खारे पाणी आत येते. इतक्या साध्या वस्तूवर शेकडो घरे अवलंबून असतात.

आता थोडे गणित. शंभर हेक्टर क्षेत्रावर त्या चार-पाच तासांत ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहिला, तर ५० हजार घनमीटर पाणी जमते. ते साठवायला एक मीटर खोलीची पाच हेक्टर जागा पुरते. गुजरात नगररचना आणि नागरी विकास अधिनियम, १९७६ मध्ये नगररचना योजनेतली जमीन कशी वाटावी ते सांगितले आहे : साधारण १५ टक्के रस्ते, ५ टक्के बागा, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा, ५ टक्के शाळा-दवाखान्यांसारख्या सामाजिक सोयी, आणि १५ टक्के प्राधिकरणाने विकून खर्च भागवण्यासाठी. म्हणजे शंभर हेक्टरांच्या योजनेत बागा आणि मैदाने यांना पाच हेक्टर मिळतात. गावाच्या भरतीकाळच्या पावसाला नेमकी तेवढीच जागा हवी. नवी जमीन संपादन न करता, फक्त त्या पाच हेक्टरांची पातळी आणि ठिकाण नीट ठरवून, पावसाच्या पुराचा मोठा वाटा हाताळता येतो.

जागा मात्र योग्य ठिकाणी मिळायला हवी. नगररचना योजनेच्या पद्धतीत सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून पुन्हा नीट भूखंड पाडून परत देतात. तिचे मूळ मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात आहे आणि पनवेल परिसरातल्या नैना क्षेत्रात महाराष्ट्रानेही अलीकडे तीच वाट धरली आहे. बागेचा भूखंड अनेकदा इतरांना विकता न येणाऱ्या उरल्यासुरल्या कोपऱ्यात टाकतात. पूरसक्षम आखणीत क्रम उलटा हवा. आधी जमिनीचे चढउतार मोजायचे, पाण्याची जुनी वाट आणि सर्वांत सखल ठिकाणे नकाशावर काढायची, ती सार्वजनिक राखायची आणि मग उरलेल्यात भूखंड पाडायचे. इच्छापोरसारख्या सपाट जागी हे सखलपण डोळ्यांना दिसत नाही. अर्ध्या मीटरच्या समतलरेषांचा नकाशा केला तरच दिसते.

नदीच्या महापुरासाठी हा उपाय चालत नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. ९ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपंचवीस हजार घनमीटर. एक हेक्टरचे, मीटरभर खोल मैदान अशा प्रवाहात अर्ध्या सेकंदात भरते. रेलीला साठवण लागत नाही. तिला वाहायला वाट लागते आणि माणसांना उंची लागते. मैदान खोल करून २००६ टळेल असे कोणी सांगत असेल, तर ते खोटे आश्वासन आहे.

जुन्या गावांना साठवण आणि उंची या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. गावठाण थोड्या उंचवट्यावर, घराचे जोते कमरेइतके, खालच्या अंगाला तळे, त्यापलीकडे गुरचरण. तळे आणि गुरचरण ही त्या काळची सार्वजनिक जागा. दोन्ही ठिकाणी पाणी आले तरी कोणाचे नुकसान होत नसे. आज तलावाभोवती फरशी, कठडा आणि दिवे लावले की सुशोभन झाले असे मानतात. त्यात तलावाची सांडव्याची पातळी आणि येणाऱ्या नाल्याचे तोंड तपासले जात नाही. कित्येकदा कठड्याची भिंतच पाणी आत यायची वाट बंद करते. तलावाचे पहिले काम पाणी घेणे हे आहे, आणि सुशोभन त्या कामाआड येता कामा नये.

खोल मैदानाचा नमुना म्हणून रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकाचे नाव घेतात. २०१३ मध्ये खुला झालेला हा चौक कोरड्या दिवसांत खेळाचा आणि पावसात सुमारे १७ लाख लिटर पाणी धरणारा आहे. मुंबईत हिंदमाता परिसराचे पाणी उतरवायला परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्या गेल्या. इच्छापोरला यांपैकी काहीच जसेच्या तसे उचलता येणार नाही. इथली काळी चिकणमाती पाणी फारसे मुरू देत नाही, आणि पावसाळ्यात भूजल वर आलेले असते, तेही बऱ्याच ठिकाणी मचूळ. दोन-तीन मीटर खोदले तर खड्डा पावसाआधीच पाण्याने भरलेला असेल. म्हणून इथे उथळ आणि पसरट जागा हवी. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी, जिचा सर्वांत खालचा टप्पा वर्षात अनेकदा भिजेल आणि वरचा क्वचित. मुलांच्या घसरगुंड्या, बाके, विजेचे खांब वरच्या टप्प्यावर. क्रिकेट आणि आठवडी बाजार खाली. झाडे करंज, भेंडी, जांभूळ, अर्जुन अशी ओल सोसणारी. खाडीच्या कडेला तिवरांना हात न लावणे हेच सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. सुरतेत अलथाण-भीमराड भागात कांकरा खाडीच्या काठी जैवविविधता उद्यान उभारले गेले; खाडीला पाठ न दाखवता तिचा काठ लोकांना फिरायला देता येतो, याचे ते जवळचे उदाहरण आहे.

मैदान खोदून निघालेली माती हेही साधन आहे. मीटरभर खोदलेल्या एका हेक्टरमधून निघालेल्या दहा हजार घनमीटर मातीने अर्धा हेक्टर जागा दोन मीटर उंच करता येते, अर्थात थराथराने दाबून. नाहीतर ही काळी माती फुगते आणि आकसते आणि भिंतींना चिरा पाडते. त्या उंच जागेवर शाळा आणि दवाखाना असावा. मोठ्या पुरात गाव तिथे जाईल. बांगलादेशाने किनाऱ्यावर वर्षभर शाळा म्हणून चालणारी आणि वादळात निवारा होणारी शेकडो घरे खांबांवर बांधली. यातली शहाणपणाची बाब म्हणजे रोज वापरातली इमारत संकटात कुलूपबंद सापडत नाही. इच्छापोरच्या शाळेलाही हेच हवे : २००६ च्या पाणीरेषेच्या वर पहिला मजला, गच्चीवर जायला बाहेरून जिना, वर स्वच्छतागृह आणि पाण्याची टाकी, विजेचा बोर्ड वरच्या मजल्यावर, आणि म्हाताऱ्यांना व अपंगांना चढता येईल असा उतार.

रस्त्यांकडे पूरतज्ज्ञांचे लक्ष सर्वांत कमी जाते, आणि नुकसान मात्र रस्ते मोठे करतात. भरावावर बांधलेला महामार्ग किंवा कारखान्याकडे जाणारा रेल्वेमार्ग हा सपाट प्रदेशात बांधच असतो. त्याखालच्या मोऱ्या पुरेशा नसल्या तर एका बाजूला पाणी चढते आणि दुसरी बाजू कोरडी राहते. वस्ती कोणत्या बाजूला आहे, यावर कोणाचे नशीब ते ठरते. गावातल्या रस्त्यांची कथा याहून हळू घडते. दर दोन-चार वर्षांनी जुन्या थरावर नवा डांबराचा थर येतो, रस्ता वीतभर उंचावतो, आणि कधीकाळी दोन पायऱ्या चढून जायचे घर रस्त्याच्या खाली जाते. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा हा नियम पाळला, तर वेगळे काही न बांधता घरांची उंची टिकते. पाणी वाहून नेण्यासाठी मुद्दाम थोडे खाली ठेवलेले काही रस्ते आणि सुटकेसाठी उंच ठेवलेले काही, असे दोन प्रकार नकाशातच ठरायला हवेत. अन्यथा रुग्णवाहिकेचा रस्ता आधी बुडतो.

भरावाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तो मालकीशी भिडतो. कारखाना किंवा गोदाम आपला भूखंड दोन मीटर उंचावते. त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असते, पण त्या भूखंडावर जे पाणी उभे राहिले असते ते शेजारच्या हळपती शेतमजुरांच्या वस्तीत जाते. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी निळी आणि लाल अशा पूररेषा आखतात : निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ आणि २०२१ च्या, तसेच चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरानंतर या रेषांवरून झालेला वाद सर्वांना आठवतो. खाडीच्या मुखाकडे नुसती रेष पुरत नाही, कारण पाणी नदीच्या दिशेनेच येईल असे नसते. तिथे जितका भराव तितके खोदकाम, हा हिशोब परवानगीच्या कागदावरच मागितला पाहिजे. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी भरतीरेषेजवळच्या बांधकामाला मर्यादा घातल्या आहेत, पण त्यामागच्या सपाट जमिनीवर भरावाने होणारा परिणाम त्यांच्या कक्षेत येत नाही. ती उणीव स्थानिक विकास नियमांनीच भरून काढायची आहे.

नदीवर रुंढ-भाठा दरम्यान बराज उभारण्याचे काम सुरत महानगरपालिकेने हाती घेतले आहे. खारे पाणी अडवून गोडे पाणी साठवणे हा त्याचा हेतू. अशा बांधकामामुळे मुखाकडच्या गाळाची आणि पुराची चाल बदलते, म्हणून इच्छापोरच्या पातळ्या जुन्या नोंदींवरून ठरवून भागणार नाही; नव्या स्थितीवर पुन्हा मोजाव्या लागतील.

पाणी ओसरल्यावरचे आठवडे हाही आखणीचाच भाग. १९९४ च्या पुरानंतर सुरतेत प्लेगची साथ आली आणि शहर रिकामे झाले. दक्षिण गुजरातच्या ग्रामीण भागात लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात डोके वर काढतो. म्हणून पाणी धरणारे मैदान दोन-तीन दिवसांत पूर्ण रिकामे झाले पाहिजे. आठवडाभर पाणी राहिले तर डास होतात, आणि मग लोक मैदान बुजवायची मागणी करतात, तीही रास्तच. गाळ काढायला ट्रॅक्टर उतरेल असा उतार, मैलापाणी मिसळू नये म्हणून वेगळे गटार, आणि दर मे महिन्यात उघाडी व मोऱ्या साफ करण्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम, हे नसेल तर मैदान तीन-चार पावसाळ्यांत डबके होते.

इशाऱ्याची व्यवस्था सुरतेने बऱ्यापैकी उभी केली आहे. उकाईत १ जुलैला ३२१ फूट, १ ऑगस्टला ३३३, १ सप्टेंबरला ३३५ आणि १ ऑक्टोबरला ३४५ फूट अशा, त्या तारखेला जलाशय किती भरलेला चालेल हे सांगणाऱ्या नियमपातळ्या आहेत. २००६ नंतर वरच्या खोऱ्यातल्या पावसाचे अंदाज, धरणाची आवक आणि शहरातली संभाव्य पातळी एकत्र मांडणारी पूर्वसूचना यंत्रणा विकसित झाली, आणि आशियाई शहरांच्या हवामान-सज्जतेच्या उपक्रमात सुरतेचा सहभाग होता. पण क्युसेकचा आकडा ऐकून आपल्या खोलीत पाणी किती येईल हे कोणाला कळत नाही. इच्छापोर आणि हजिऱ्याच्या वाटेवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि खान्देशातून आलेले कामगार जमिनीलगतच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतल्या बहुतेकांनी २००६ पाहिलेले नाही. प्रत्येक चौकातल्या खांबावर त्या वर्षीची पाणीरेषा रंगवलेली, शेजारी किती विसर्गाला पाणी कुठवर येते याच्या खुणा आणि सर्वांत जवळच्या उंच इमारतीकडे दाखवणारा बाण, हे गुजरातीबरोबर हिंदी, मराठी आणि उडियातही असावे. खोली भाड्याने देताना तिचे जोते त्या रेषेच्या किती खाली आहे, हे मालकाने भाडेकरूला लिहून द्यावे, अशी अट स्थानिक प्रशासनाला घालता येईल.